जड इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ: सांगलीतल्या अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासिकेत बँक, एनडीए (फौजेत अधिकारी होण्यासाठी बारावीनंतरची), राज्यसेवा, आयइएल्ट्स (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची) अशा सगळ्या परीक्षांची मुलं एकाच हॉलमध्ये बसतात. परीक्षा वेगळ्या, पण इंग्रजी शब्दांबद्दलचे प्रश्न तेच ते. तेच उत्तर रोज नव्याने सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. तुमचा प्रश्न शोधा, तेवढंच वाचलं तरी चालेल.

जड शब्द म्हणजे नेमके कोणते?

लांबलचक स्पेलिंगचे, असा समज आहे. तो सोडा. 'रेफ्रिजरेटर' केवढा लांब आहे, पण तो घरोघरी आहे. उलट 'ग्लट' चार अक्षरांचा आणि 'टर्स' पाच अक्षरांचा, तरी पदवीधर मुलं तिथे थबकतात. ग्लट म्हणजे मालाची एवढी आवक की भाव पडलाच पाहिजे. टर्स म्हणजे मोजक्या शब्दांत आणि जरा तुटकपणे दिलेलं उत्तर. शब्द कमी वेळा भेटतो आणि भेटला की नेमकं बोलतो, म्हणून तो वरच्या पायरीचा. युरोपात भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मानतात. या पानावरचे बहुतेक शब्द शेवटच्या दोन पायऱ्यांवरचे आहेत.

पण खालच्या पायऱ्या ढासळलेल्या असतील तर वर चढून उपयोग नाही. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या वापरातल्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याचा गोतावळा, वेगळी काढली. या दोन्ही आधी पक्क्या करा. 'युबिक्विटस' म्हणजे सर्वत्र आढळणारा, हे घडाघडा सांगणारी मुलं 'हार्डली'वर आपटतात. 'ही हार्डली वर्क्स' याचा अर्थ 'तो फार कष्ट करतो' असा करतात. अर्थ बरोबर उलटा आहे: तो जेमतेमच काम करतो.

किती शब्द आले म्हणजे पुरे?

पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा, की इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळाचं उदाहरण बघा: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इन्डिसायसिव्ह हे सगळं एकच कुळ. आकडा ऐकून पोटात गोळा येऊ देऊ नका. सबसिडी, ट्रान्सफॉर्मर, व्हॅलिडिटी, ॲडजस्ट, रिजेक्ट हे शब्द तुम्ही एसटीत बसून मराठीतच वापरता. तेही त्यात धरलेले आहेत.

या पानावर इंग्रजी स्पेलिंग का दिलेलं नाही?

मुद्दाम. शब्द आधी कानाने ओळखा, मग डिक्शनरीत शोधून स्वतःच्या हाताने लिहा. ते शोधणं हीच पहिली उजळणी. आयतं स्पेलिंग नुसत्या डोळ्याखालून जातं.

शब्दासमोर एक मराठी अर्थ लिहून पाठ केला तर बिघडतं काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब आहे.

बाजारातल्या याद्यांत फ्रुगल, थ्रिफ्टी, स्टिंजी, मायझर्ली, पार्सिमोनियस या पाचांसमोर 'काटकसरी, कंजूष' असं एकच ठोकून दिलेलं असतं. आता मराठीतच बघा. टुकीनं संसार करणारी बाई आणि कवडीचुंबक सावकार यांना आपण एका माळेत ओवतो का? इंग्रजीतही नाही ओवत. 'थ्रिफ्टी' म्हणजे टुकीनं राहून चार पैसे मागे टाकणारी, हे कौतुक. 'फ्रुगल' म्हणजे गरजेपुरतंच घेणारा. माणसालाही लावतात, जेवणालाही. भाकरी, ठेचा, कांदा एवढंच ताटात असेल तर ते फ्रुगल मील. 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू, देताना हात आखडणारा. 'मायझर्ली' त्याच्या पुढचा, पैसा साठवण्यातच ज्याचा जीव आहे तो. 'पार्सिमोनियस' हा स्टिंजीचाच पुस्तकी भाऊ. मुलाखतीत 'माझी आई पार्सिमोनियस आहे' असं अभिमानाने सांगितलंत, तर समोरच्याला वाटेल घरात भांडण आहे.

दुसरं उदाहरण बोलण्याचं. आपल्याकडे वाचाळ, बडबड्या, पाल्हाळिक, अबोल, घुमा, मितभाषी अशी केवढी तरी माणसं आहेत. क्षुल्लक गोष्टींवर कंटाळा येईपर्यंत बोलणारा तो 'गॅर्युलस'. मुळात बोलायची हौस असलेला तो 'लोक्वेशस'. बोलणं असो वा लिहिणं, दहा शब्दांच्या जागी पन्नास वापरणारा पाल्हाळिक तो 'व्हर्बोस'. स्वभावानेच घुमा तो 'टॅसिटर्न'. मनातलं, विशेषतः स्वतःबद्दलचं, सहसा उघड न करणारा तो 'रेटिसंट'. आणि कमी बोलून वर्मावर बोट ठेवणारा तो 'लॅकॉनिक'. हा शब्द ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतावरून आला, तिथलं मुख्य शहर स्पार्टा. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने धमकी पाठवली, 'मी तुमच्या मुलखात शिरलो तर सगळं उद्ध्वस्त करीन.' स्पार्टावाल्यांनी एका शब्दाचं उत्तर पाठवलं: 'तर.' अशी कथा सांगतात.

हट्टाचंही तेच. चिकाटीला 'टेनॅसिटी', निर्धार पक्का असलेल्याला 'रेझोल्यूट', हट्टी माणसाला 'स्टबर्न', हेकेखोराला 'ऑब्स्टिनेट', आणि कितीही विनवलं तरी ज्याला पाझर फुटत नाही तो 'ऑब्ड्युरेट'. स्वतःबद्दल पहिले दोन वापरा, बाकीचे शेजाऱ्यासाठी ठेवा.

मग वहीत अर्थाच्या जोडीला काय लिहायचं?

शब्दाची संगत. तो कुणाबरोबर उठतो-बसतो ते. मराठीत पाऊस कोसळतो, दरही कोसळतो, पण ताप कोसळत नाही, तो उतरतो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. इंग्रजीत मात्र शिकावं लागतं. 'कमी करणे, शमवणे' या एका अर्थाखाली चार क्रियापदं घ्या. 'मिटिगेट' हे धोका, नुकसान, परिणाम यांच्याबरोबर येतं. 'अलिव्हिएट' वेदना आणि दारिद्र्य यांच्याबरोबर. 'असवेज' अपराधी भावना, भीती किंवा भूक यांच्याबरोबर. 'प्लेकेट' मात्र चिडलेल्या माणसाला. रुसलेल्या मामांना तुम्ही प्लेकेट कराल, मिटिगेट नाही. याच्या उलट 'एग्झॅसर्बेट': आधीच वाईट असलेलं आणखी चिघळवणं. प्रॉब्लेम, तणाव, आजार एग्झॅसर्बेट होतात. आनंद कधीच होत नाही.

वहीत प्रत्येक शब्दापुढे त्याच्या नेहमीच्या सोबतीतले दोन शब्द आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहा. पुस्तकातलं वाक्य उतरवू नका, त्यातला जॉन तुमच्या कुणाचा कोण नाही.

लॅटिन-ग्रीक मुळं शिकून खरंच फायदा होतो का?

होतो, आणि मराठी माणसाला जरा जास्तच होतो. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या. 'इग्नाइट' म्हणजे पेटवणे, त्यातलं लॅटिन 'इग्निस' आणि आपला अग्नी सख्खे. 'मॉर्टल' आणि मृत्यू एका मुळाचे, म्हणून 'इम्मॉर्टल' म्हणजे अमर. गहाणखताला 'मॉर्गेज' म्हणतात, त्याच्या पोटातही जुन्या फ्रेंचमधून आलेला हाच 'मॉर्ट' आहे. बोलताना 'ट' गळतो, स्पेलिंगमध्ये राहतो. 'जेनेसिस' (उगम), 'प्रॉजेनी' (संतती) यांत आपला जन आणि प्रजा आहे. 'पेडेस्ट्रियन'मध्ये पाद आहे. हाच शब्द विशेषण म्हणून आला तर अर्थ होतो रटाळ, सुमार. पेडेस्ट्रियन भाषण म्हणजे चालत केलेलं भाषण नव्हे.

माझं आवडतं उदाहरण बैलाच्या मानेवरच्या जूचं. संस्कृतात 'युग' म्हणजे जोखड, त्यावरून आपलं जू आलं. इंग्रजीत तेच 'योक', लॅटिनमध्ये 'जुगुम'. आता 'सब्जुगेट' फोडा: सब म्हणजे खाली, जुगुम म्हणजे जू. जोखडाखाली आणणे, म्हणजेच गुलाम करणे. पारतंत्र्याचं जोखड असं आपण म्हणतोच. 'कॉन्ज्युगल' फोडा: एकत्र जू. दोघांनी मिळून ओढायचं ते, म्हणजे वैवाहिक. कोर्टात वैवाहिक हक्कांच्या दाव्यात हाच शब्द येतो. शेतकऱ्याच्या पोराला हे दोन शब्द पुन्हा सांगावे लागत नाहीत. वर्गातल्या नवऱ्या मुलाला सांगितलं की तो हसतो, त्याची बायको हसत नाही.

बाकी नेहमीची मुळं थोडक्यात. 'बेने' म्हणजे चांगलं: बेनेव्हलंट, परोपकारी. 'मॅल' म्हणजे वाईट: मॅलेव्हलंट, दुसऱ्याचं वाईट चिंतणारा. 'ऑम्नी' म्हणजे सर्व: ऑम्निशंट सर्वज्ञ, ऑम्निपोटंट सर्वशक्तिमान. 'क्रोन' म्हणजे काळ: 'ॲनाक्रोनिझम' म्हणजे काळाचा घोळ, जसं ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या हातात घड्याळ दिसणं. नाट्यपंढरीतल्या प्रेक्षकाला एवढं पुरे.

मुळावरून अर्थ काढला आणि चुकला, असं का होतं?

कारण काही शब्द फसवे आहेत आणि पेपर काढणाऱ्यांना तेच आवडतात. 'एनर्व्हेट' ऐकून एनर्जी आठवते, पण अर्थ आहे गळाठून टाकणे, शक्ती काढून घेणे. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधी किंवा किळसवाणा. 'बिम्यूझ्ड' म्हणजे करमणूक झालेला नव्हे, गोंधळलेला. 'कर्सरी'मध्ये शाप नाही, धावणं आहे: वरवर, घाईत केलेलं. कॉम्प्युटरवरचा कर्सर त्याच घरचा. 'मेरेट्रिशस'मध्ये मेरिट शोधू नका. नुसता भपका, आत काही नाही, असा त्याचा अर्थ. 'फुलसम प्रेझ' म्हणजे भरभरून नव्हे, किळस येईल इतकी स्तुती. वाढदिवसाचे फ्लेक्स आठवा.

'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे किंमत नसलेलं नाही, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं. 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध. आणि पुणे-बेंगळुरू महामार्गावर टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं, तिथे 'इन' म्हणजे 'न' असं समजून कुणी विडी पेटवू नये. ते 'इन्फ्लेम'पासून आलंय, म्हणजे पेट घेणारं. फ्लेमेबलचा अर्थही तोच.

एकसारखे दिसणारे शब्द कसे वेगळे ठेवायचे?

जोडीने शिकू नका, तिथेच घोळ होतो. आधी एक पक्का करा, आठवड्याने दुसरा. 'एमिनंट' म्हणजे नामवंत आणि 'इमिनंट' म्हणजे येऊ घातलेलं, सहसा संकट. 'क्रेडिबल' म्हणजे विश्वासार्ह, 'क्रेड्युलस' म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा भोळसट. दामदुप्पट योजनेचा एजंट स्वतःला क्रेडिबल दाखवतो आणि क्रेड्युलस गिऱ्हाईक शोधतो. 'इन्जीनियस' कल्पक, 'इन्जेन्युअस' निष्कपट. 'इलिसिट' नावाचे दोन शब्द आहेत, कानाला एकच आणि स्पेलिंग वेगळं: एक क्रियापद, माहिती किंवा प्रतिसाद काढून घेणे, दुसरं विशेषण, बेकायदा. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला. तो शेवटच्या बाकावर बसतो.

आयइएल्ट्सच्या ग्राफसाठी शब्द कुठून आणू?

मार्केट यार्डातून. चेष्टा नाही. आयइएल्ट्सच्या ॲकॅडेमिक प्रकारात रायटिंगमध्ये पहिल्या टास्कला किमान १५० शब्दांत आलेख किंवा तक्ता समजावून सांगायचा असतो आणि मुलं 'इन्क्रीज' आणि 'डिक्रीज' याच दोन खुंट्यांना सगळं टांगतात. आता मराठी पेपरातलं बाजारभावाचं सदर उघडा. हळद वधारली, बेदाणा कडाडला, कांदा गडगडला, गूळ नरमला, द्राक्षाचे दर सावरले, सोयाबीन स्थिर. सहा बातम्या आणि सहा वेगळी क्रियापदं. आपले बातमीदार हे रोज करतात. याच सहांचे इंग्रजी जोडीदार असे: वधारणे 'राइज' किंवा जोरात असेल तर 'क्लाइंब'; कडाडणे 'सोअर'; गडगडणे 'प्लमेट'; नरमणे 'ईझ'; पडून पुन्हा सावरणे 'रॅली'; स्थिर राहणे 'लेव्हल ऑफ', म्हणजे चढउतार थांबून एका रेषेत येणे. वर-खाली होत राहिलं तर 'फ्लक्च्युएट'. कधी काय होईल सांगता येत नाही असा बाजार 'व्हॉलटाइल'.

आठवडाभर रोज एक बाजारभावाची बातमी इंग्रजीत करा. मात्र 'प्लमेट' दोन टक्क्यांच्या घसरणीला लावू नका, तिथे 'डिप' पुरतं. आयइएल्ट्समध्ये रायटिंग आणि स्पीकिंगच्या गुणांचा चौथा हिस्सा शब्दसंपत्तीचा असतो. तिथे शब्द किती भारी यापेक्षा जागेवर बसला का, हे पाहतात.

इंग्रजी पेपरातल्या पुराच्या आणि सरकारी बातम्या समजत नाहीत. काय करू?

पुराचे शब्द सांगलीकराला लवकर येतात, कारण प्रत्येक शब्द डोळ्यांनी पाहिलेला आहे. २०१९ आणि २०२१ च्या बातम्या काढून वाचा. 'इनन्डेट' म्हणजे पाण्याखाली जाणे. लाक्षणिक अर्थही आहे: फोनवर फोन आले की माणूस कॉल्सनी इनन्डेट होतो. 'मरून्ड' म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढून अडकलेला. 'डिस्चार्ज' इथे दवाखान्यातला नव्हे, धरणातला विसर्ग. तो 'क्युसेक'मध्ये मोजतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. दुसरीला इंग्रजी पेपर 'डेंजर मार्क' म्हणतात. पाणी 'ब्रीच' करतं म्हणजे मर्यादा ओलांडतं किंवा बांध फोडतं. आणि मग 'रिसीड' होतं, म्हणजे ओसरतं. कपाळावरचे केसही रिसीड होतात.

कचेरीतले बरेच शब्द लॅटिन आहेत, आणि तुम्हाला ते मराठी रूपात आधीच माहीत आहेत. पूरग्रस्तांना मिळालं ते सानुग्रह अनुदान म्हणजे 'एक्स ग्रेशिया', कायद्याने देणं नसताना दिलेलं. 'स्टेटस को' म्हणजे आपलं 'जैसे थे'. 'साइन डाय' म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब. 'ॲलिबाय' म्हणजे लॅटिनमध्ये 'दुसरीकडे': गुन्ह्याच्या वेळी मी तिथे नव्हतोच, हा बचाव. भावकीच्या वादात जे 'कॅव्हेट' दाखल करतात, त्याचा अर्थ 'त्याने सावध राहावं'. माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असं कोर्टाला आधीच सांगून ठेवायचं. त्याची मुदत ९० दिवस. कोर्टाबाहेर 'कॅव्हेट' म्हणजे 'पण एक अट आहे' मधली ती अट.

उच्चारात हसं होतं. काही नियम आहे का?

नाही. मराठी लिहिल्याप्रमाणे वाचायची सवय इंग्रजीत नडते. 'सटल' म्हणजे सूक्ष्म, त्यातला 'ब' वाचायचा नाही. तो मध्ये घुसवलाय विद्वानांनी, लॅटिनशी नातं दिसावं म्हणून. 'डेट' (कर्ज) आणि 'डाउट'मधला 'ब'ही तसाच आगंतुक. 'इन्डाइट' म्हणजे आरोप ठेवणे, 'इन्डिक्ट' नाही. 'इपिटमी' म्हणजे मूर्तिमंत उदाहरण, शेवट 'टोम' असा नाही. 'हायपर्बली' म्हणजे अतिशयोक्ती, क्रिकेटच्या बॉलशी संबंध नाही. 'डेब्री' म्हणजे राडारोडा, आंबेनळी घाटात दरड कोसळली की रस्त्यावर पसरतो तो. शेवटचा 'स' गिळायचा. 'कू' म्हणजे सत्तापालट, 'फसाड' म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग किंवा वरवरचा देखावा. 'अराय' म्हणजे फिसकटलेलं, हा शब्द भले भले 'ऑरी' वाचतात. 'गेज' म्हणजे रुळांमधलं अंतर, तो मात्र मिरजेचं कुठलंही पोर बरोबर म्हणतं. ते रेल्वेचे उपकार.

पाठ केलेलं पंधरा दिवसांत विसरतं.

विसरणारच. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठांतर सुरुवातीला झपाट्याने गळतं आणि मग वेग मंदावतो. उपाय म्हणजे विसरायच्या बेतात असतानाच पुन्हा पाहणं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी खोक्याची पद्धत सुचवली. आमच्याकडे ती अशी चालते.

घरात लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापा. एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे अर्थाची छटा, सोबतीचे दोन शब्द आणि स्वतःचं वाक्य. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे उभे करून पाच कप्पे करा. नवा शब्द पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आला तर तुकडा पुढच्या कप्प्यात. चुकला तर कितीही पुढे गेलेला असो, थेट पहिल्यात. इथे मुलं लबाडी करतात: पत्रिका उलटून अर्थ पाहतात आणि 'मला येतच होतं' म्हणून पुढे ढकलतात. उत्तर मोठ्याने म्हटल्याशिवाय उलटायचं नाही.

मोबाइलवर हेच करणारी ॲप्स आहेत, चालतील. फक्त दुसऱ्याने बनवलेला तयार संच घेऊ नका.

रोज किती शब्द?

पाच. रविवारी एकही नाही, नुसती उजळणी.

कोणती परीक्षा काय विचारते?

एनडीएच्या सामान्य क्षमता पेपरात ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात, त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार हे ठरलेले. साताऱ्याच्या १९६१ पासूनच्या सैनिक स्कूलमुळे आणि घरोघरी फौजी असल्यामुळे तिकडून आमच्याकडे ही मुलं बरीच येतात, गणित पक्कं आणि इंग्रजी कच्चं. त्यांना सांगते, एका चुकीला १.३३ गुण जातात, दोन पर्याय खात्रीने उडवता आले तरच अंदाज करा. सीडीएसला (पदवीनंतर फौजेत अधिकारी होण्याची परीक्षा) इंग्रजीचा १०० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. यूपीएससी मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा आणि पात्रतेपुरता, २५ टक्के लागतात. तिथे जड शब्दांपेक्षा बिनचूक साधं वाक्य कामाला येतं. बँकेच्या परीक्षांत उताऱ्यातला शब्द विचारतात, म्हणून नुसती यादी तिथे फारशी चालत नाही.

मुलाखतीत भारी शब्द वापरले तर छाप पडते का?

नाही. 'यूज' पुरतं तिथे 'युटिलाइझ' नको.

डिक्शनरी कुठली?

शिकणाऱ्यांसाठी काढलेली, इंग्रजी-इंग्रजी, ज्यात प्रत्येक अर्थाला वाक्य दिलेलं असतं. मराठी छटा सापडत नसेल तर उलट्या बाजूने जा: मोलस्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. इंटरनेटवर फुकट शोधता येतो. हेकट, घुमा, टुकीचा असे शब्द त्यात घालून बघा, जुन्या साहेबाने कान देऊन ऐकलेलं कळतं. इंग्रजी जरा जुनाट आहे, ते जसंच्या तसं पेपरात लिहू नका.

आपण बोलतो ते 'भारतीय इंग्रजी' चुकीचं आहे का?

सगळं नाही. 'प्रीपोन' (ठरल्याच्या आधी घेणे) आता मोठ्या शब्दकोशांतही आहे. पण 'डिस्कस अबाउट' आणि 'एक्स्प्लेन मी' हे चूकच: पहिल्यात 'अबाउट' नको, दुसऱ्यात 'टू' हवा. 'पास्ड आउट इन २०२२' परदेशी माणसाला सांगितलं तर तो विचारेल शुद्धीवर कधी आलात. तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. आणि गाडीचा 'ॲव्हरेज' तिकडे 'मायलेज' असतो.

देणं-घेणं दोन्हीकडून आहे म्हणा. 'मंगूस' हा इंग्रजीने मराठीतल्या मुंगसावरून घेतलेला शब्द. त्याचं अनेकवचन 'मंगूसेस' होतं, 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून 'मंगीस' करायचं नाही. हा प्रश्न परीक्षेला येतो आणि मराठी मुलंच चुकतात!

मुलगी सातवीत आहे. आत्तापासून यादी सुरू करू का?

नको. तिला वाचायला द्या. गोष्ट, क्रिकेटची बातमी, काहीही. शब्द आवडायला लागला की ती स्वतः विचारेल. तेव्हा शब्दामागची गोष्ट सांगा, अर्थ नंतर. १८८० साली आयर्लंडमध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांना हुसकावायला निघाला, तर गावाने ठरवलं, याच्या शेतात कापणीला जायचं नाही, दुकानात सामान द्यायचं नाही, टपालही पोचवायचं नाही. वाळीत टाकलं. त्याच्या नावाचंच क्रियापद झालं.

यादीची पीडीएफ मिळेल का?

नाही. पण पहिल्या पाच पत्रिका आजच लिहायच्या असतील तर हे घ्या. 'मेटिक्युलस': बारीकसारीक गोष्टीतही चोख, सोबत रेकॉर्ड्स, प्लॅनिंग. 'प्रोक्रॅस्टिनेट': आजचं उद्यावर ढकलणे. 'टेन्टेटिव्ह': तूर्त ठरवलेलं, बदलू शकेल असं, सोबत डेट, शेड्यूल. 'ऑब्सोलीट': कालबाह्य, सोबत टेक्नॉलॉजी, मशिनरी. 'युनॅनिमस': एकमताचा, सोबत डिसिजन, व्होट. शेवटच्याचा 'अनॉनिमस'शी, म्हणजे निनावीशी, घोळ होतो, म्हणून तो दुसरा पुढच्या आठवड्यात लिहा. वाक्यं तुमची तुम्ही घाला. शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेत आणलीत तर तपासून देते.